साष्टीची धावपटू : मेरी डिसोझा

साष्टी हे बेट आहे, याचे स्मरण आज मुंबईकरांनाही क्वचितच होते. खाड्या बुजत गेल्या, पूल झाले आणि बेट शहरात विरून गेले. या बेटाच्या दक्षिण टोकाला वांद्रे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माहीमच्या खाडीवर बांधरस्ता झाला तो अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या पैशातून. तोवर वांद्र्याच्या माणसाला माहीमची खाडी ओलांडायची तर होडीखेरीज गती नव्हती. मेरी डिसोझा या गोमंतकीय वंशाच्या धावपटू त्याच वांद्र्याच्या. जन्म 18 जुलै 1931.

क्रीडाशिक्षणाच्या या पाठासाठी आम्ही त्यांची निवड केली, त्यास कारण आहे. शर्यतीहून परतलेल्या मुलीला घरी पहिला प्रश्न विचारला जातो तो "नंबर आला का?" हाच. उत्तर नकारार्थी आले की पुढल्या वर्षी तिचे धावणे बहुधा थांबते. मुलाच्या बाबतीत असे सहसा होत नाही. मेरीताईंची कारकीर्द या प्रश्नासमोर ठेवून वाचावी, अशी पालकांना विनंती आहे.

मार्च 1951 मध्ये दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. मेरी डिसोझा यांनी 200 मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले आणि 4 × 100 मीटर रिले संघातून रौप्य. पुढल्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. स्वतंत्र भारताच्या त्या पथकात स्त्रिया चारच होत्या : धावण्यासाठी मेरी व बंगालच्या नीलिमा घोष, पोहण्यासाठी डॉली नझीर व आरती साहा.

निवड झाली, पण प्रवासखर्चाची तरतूद नव्हती. तेव्हा वांद्र्यातील मित्रमंडळी पुढे आली. त्यांनी नृत्याचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांच्या खेळाचा मेळावा भरवला आणि त्यातून निधी उभा केला. पत्त्यांचे नाव काढताच आमच्या काही ज्येष्ठ उपासकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. सिगालोवाद सुत्तात जुगाराला संपत्तिनाशाच्या सहा मार्गांत गणले आहे. येथे मात्र संपत्तीचा नाश झाला नाही; शेजारच्या एका मुलीचे तिकीट निघाले.

त्याच ऑलिंपिकसाठी कराडजवळच्या गोळेश्वर गावाने खाशाबा जाधवांकरिता वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. त्याच वर्षी जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. 1952 च्या उन्हाळ्याची आठवण आपल्या घरांत राहिली आहे ती यामुळे; वांद्रे आणि गोळेश्वरही तिच्याशेजारी बसावेत.

खाशाबांनी कांस्यपदक आणले. मेरी डिसोझा 100 व 200 मीटर या दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाद झाल्या. आपला नेहमीचा प्रश्न येथे विचारला तर उत्तर एका शब्दाचे आहे, आणि वहीही तेथेच मिटते. वांद्रेकरांनी ती मिटली नाही. मेरीताई धावत राहिल्या.

हेलसिंकीत सर्वांत वेगवान ठरली ती ऑस्ट्रेलियाची मार्जोरी जॅक्सन. तिने 100 व 200 मीटर ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. रिलेत मात्र शेवटच्या बदलाच्या वेळी तिच्या हातून बॅटन निसटले आणि ऑस्ट्रेलियाचे पदक हुकले. विद्यार्थ्यांनी या प्रसंगाचा नीट अभ्यास करावा. रिलेमध्ये बॅटनची देवाणघेवाण ठरावीक टप्प्यातच पूर्ण व्हावी लागते. त्या काळी हा टप्पा 20 मीटरचा होता, आता 30 मीटरचा आहे. घेणारीने मागे न पाहता पळू लागायचे, हात मागे करायचा आणि देणारी वेळेवर पोहोचेल यावर विसंबायचे. ती आधी सुटली तर अंतर पडते, उशिरा सुटली तर दोघींचा वेग मरतो. चौघींपैकी एकही अतिवेगवान नसताना संघ जिंकू शकतो, तो या टप्प्यामुळे.

आरे-वारेच्या पुळणीवर हा सराव ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर करावा. कोरड्या वाळूत पाय रुततो. पोटऱ्या बळकट होतात हे खरे, पण बदलाचा अंदाज चुकतो. बॅटन नसेल तर हातभर बांबूचा तुकडा चालतो. पाण्यात मात्र कोणी उतरू नये. या किनाऱ्याचा ओढ फसवा आहे.

1954 मध्ये मनिला येथील आशियाई स्पर्धेत स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स, क्रिस्टीन ब्राऊन आणि मेरी डिसोझा या चौघींनी 49.5 सेकंदांत 4 × 100 मीटर रिले जिंकली. दिल्लीत याच शर्यतीचे सुवर्ण जपानकडे गेले होते. पहिल्या फेरीत बाद झालेल्या धावपटूच्या गळ्यात दोन वर्षांनी हे सुवर्णपदक आले.

मध्यंतरी 1953 मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे त्या भारतीय महिला हॉकी संघातूनही खेळल्या. दोन खेळांत देशाचे प्रतिनिधित्व करणारी स्त्री त्या काळी विरळाच.

सरकारी सन्मान फार उशिरा आले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मेरीताईंना ध्यानचंद पुरस्कार 2013 साली मिळाला. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते.