तुम्ही दुकानात नसता तेव्हा दुकान कसं चालतं?



ट्रेनिंगला येणारे बरेच जण मला विचारतात, "सर, धंदा प्रोफेशनल करायचा म्हणजे नक्की काय करायचं?" विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा इस्त्रीचा शर्ट, व्हिजिटिंग कार्ड, काचेचं केबिन आणि थोडंफार इंग्रजी असतं. यातलं काहीच वाईट नाही. पण यातलं काहीही नसताना मुंबईत एक व्यवसाय १८९० पासून चालू आहे. तो म्हणजे डबेवाल्यांचा.

डबेवाल्यांमध्ये बरेच जण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले. अनेकांचं शिक्षण आठवी-दहावीच्या आतलं. एक डबा घरून ऑफिसला पोचेपर्यंत अनेक हातांतून जातो, तरी ज्याचा त्याला मिळतो. कारण डब्यावर खुणा असतात : कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. डोक्यावर पांढरी टोपी नसेल, न सांगता दांडी मारली किंवा कामावर दारू प्यायली, तर दंड. एखादा आजारी पडला तर त्याची लाईन सांभाळायला गटात जादा माणूस असतो. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं, कुणाच्या मूडवर काही अवलंबून नसतं.

बीबीएला असताना प्रोफेशनलिझमच्या लांबलचक व्याख्या आम्ही पाठ केल्या होत्या. दुकान चालवताना माझ्या कामाला येते ती एकच : आपल्याशी व्यवहार करणाऱ्याला पुढे काय होणार हे आधीच माहीत असणं, आणि तसंच घडणं. मग तो गिऱ्हाईक असो, माल देणारा असो की आपल्याकडे कामाला असलेला पोरगा.

आता हे तुमच्या धंद्यात कसं आणायचं ते एका उदाहरणावरून बघू. समजा, तुमचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. तुम्ही स्वतः आणि दोन मदतनीस ताई. लग्नसराई तोंडावर आली आहे.

१. वेळ : कोणती आहे यापेक्षा पाळली जाते का?

पुण्यातल्या चितळ्यांच्या दुकानाच्या 'दुपारी १ ते ४ बंद'वर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. २०१७ मध्ये त्यांनी ती सुट्टी बंद केली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती वेळ सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे माहितगार माणूस दुपारी दोनला तिकडे फिरकतच नव्हता. आपल्याकडे उलटं होतं. पाटीवर लिहिलेलं असतं सकाळी १० आणि शटर उघडतं कधी साडेदहाला, कधी अकराला. ऑफिसला जाता जाता ब्लाउज न्यायला आलेली बाई बंद शटर बघून दोनदा परत जाते. तिसऱ्यांदा ती येत नाही आणि का येत नाही हे सांगतही नाही. तुम्हाला ११ च जमत असतील तर पाटीवर ११ लिहा. पण मग ११ म्हणजे ११.

२. शब्द : तारीख तोंडातून काढण्याआधी वहीत बघा

"शनिवारी देते हो ताई!" हे वाक्य आपण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून बोलतो. इथेच सगळा घोळ होतो. साधा हिशोब करा. तिघी मिळून दिवसाला ६ ब्लाउज होतात. वहीत ३० बाकी आहेत. म्हणजे नवीन ब्लाउज हातात घ्यायलाच पाच दिवस जाणार, तो सहाव्या दिवशी तयार होईल. वीज जाते, अस्तर मिळत नाही, कुणाचं मूल आजारी पडतं. त्यासाठी दोन दिवस जादा धरा आणि आठव्या दिवसाची तारीख द्या. आधी झाला तर फोन करा, गिऱ्हाईक खूश.

उशीर होणार असेल तर? तो आदल्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करून सांगायचा. ती दारात आल्यावर "अजून हूक लावायचेत" हे ऐकवायचं नाही. तिच्या घरचं लग्न तुमच्या मशीनसाठी थांबणार नाही. आणि अर्जंट काम घ्यायचंच असेल तर त्याचा जादा दर भिंतीवर लिहून ठेवा. दर ओळख बघून बदलायचा नाही.

३. कागद : लिहिलं की भांडण अर्धं मिटतं

प्रत्येक ऑर्डरला पावती द्या. त्यावर माप, गळ्याचा प्रकार, अस्तर कुणाचं, मजुरी, ॲडव्हान्स आणि तारीख. कार्बन लावलेलं साधं पावतीबुक चालेल. "मी बोटनेक सांगितला होता" हा वाद मग होतच नाही.

दुसरी गोष्ट, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापून आपण सुटलो असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत येतात. बिलावर मुदत दिली नसेल तर परत घेण्यासाठी ३० दिवस धरले जातात. त्यापेक्षा आपणच स्पष्ट लिहा : 'फिटिंगची दुरुस्ती १५ दिवसांत मोफत.' तुमचं काम चांगलं असेल तर या ओळीने खर्च फारसा वाढत नाही, विश्वास मात्र वाढतो.

४. गल्ला : दुकानाचा पैसा दुकानाचा

भाजीवाला आला, काढले गल्ल्यातून शंभर. मुलाची फी आली, काढले पाचशे. मग महिनाअखेर धाग्याचे, अस्तराचे पैसे द्यायला व्यापाऱ्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचं. स्वतःचा पगार ठरवा. आठ हजार असो की पंधरा, ठरलेल्या तारखेला घ्या आणि घरखर्च त्यात भागवा. दुकानाचं खातं वेगळं ठेवा. उद्या कर्जासाठी बँकेत जाल तेव्हा हेच स्टेटमेंट तुमच्या बाजूने बोलेल.

५. माणसं : 'घरच्यासारखी' म्हणजे काय?

हा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवलाय. आपण अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे कामाला असलेली माणसं घरच्यासारखी आहेत." पण या घरच्या माणसाच्या पगाराची तारीख ठरलेली नसते. सुट्टी मागताना त्याला तोंड बघून मागावी लागते. लग्नसराईत रात्री नऊपर्यंत थांबवलं तर जादा वेळेचे पैसे नसतात. आणि चूक झाली की गिऱ्हाईकासमोरच ओरडा बसतो. मग एक दिवस ती ताई मशीनवरून उठते ती परत येत नाही, आणि आपण म्हणतो, "आजकाल माणसं टिकत नाहीत."

पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. आठवड्याची सुट्टी ठरवा. जादा वेळेचा दर आधी सांगा. किमान वेतन सरकार ठरवतं, तो आकडा माहीत करून घ्या आणि त्याखाली जाऊ नका. चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. वयाने मोठ्या असतील तर ताई, काकू, मावशी जरूर म्हणा. पण मावशी म्हटलं म्हणून पगार चार दिवस पुढे ढकलायचा हक्क आपल्याला मिळत नाही. तुम्ही सातला पगार देता हे त्यांना माहीत असेल, तर त्या दहाला कामावर येतील हे तुम्हालाही माहीत असेल. शिस्त वरून खाली उतरते, खालून वर चढत नाही.

माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी एक कागद चिकटवलाय. दुकानाची वेळ, परत घेण्याचा नियम, उधारीची मर्यादा, पगाराची तारीख. मी असो वा नसो, काउंटरवरचा पोरगा त्या कागदाप्रमाणे वागतो. कुणी "मालक असते तर दिलं असतं" म्हणालं तर तो हसून कागद दाखवतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, तो कागद मलाही लागू आहे. सख्खा मित्र आला म्हणून उधारीची मर्यादा मी ओलांडली, तर दुसऱ्या दिवशी पोरगा का पाळेल?

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. पाच ओळी लिहा : दुकानाची खरी वेळ, काम पूर्ण करून द्यायचे दिवस, दुरुस्ती किंवा परत घेण्याचा नियम, तुमचा स्वतःचा पगार, मदतनीसांच्या पगाराची तारीख. जे खरंच पाळता येईल तेवढंच लिहा, मोठं लिहून मोडू नका. तो कागद दर्शनी लावा. मग एक दिवस अर्धा दिवस दुकानाबाहेर राहा, फोन न करता. संध्याकाळी येऊन बघा, कुठल्या कामासाठी तुमची वाट बघत सगळे थांबले होते. कागदावरची सहावी ओळ तीच.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत, शटर वेळेवर उघडा!