पिकाचू आणि स्वधर्म

आजचा श्लोक : गीता ३.३५

मित्रांनो, लहानपणी पाहिलेला ‘पोकेमॉन’चा एक भाग आज आठवला. लेफ्टनंट सर्जच्या रायचूपुढे पिकाचू सपाटून हरतो. थंडर स्टोन वापरला की पिकाचूचाही लगेच रायचू होणार. ॲश निर्णय त्याच्यावरच सोडतो आणि पिकाचू चक्क नकार देतो! पुढच्या लढतीत तो स्वतःच्या चपळाईवर जिंकतो.

माझ्या बॅचचे बरेच जण मॅनेजर झाले. मी अजून कोडच लिहितो. अप्रेझल आलं की वाटतं, आपणही बदलावं. अशा वेळी भगवंत सांगतात, स्वधर्म उणा दिसला तरी तोच कल्याणाचा.

पण पिकाचूने दगड नाकारला, मेहनत नाही. स्वधर्म म्हणजे आळसाला सवलत नव्हे.

आज स्वतःला विचारूया : मला खरंच वाढायचंय, की फक्त दुसऱ्यासारखं दिसायचंय?

राम कृष्ण हरी 🙏