गल्लीत पास, घाटात नापास

आधीच सांगून टाकतो, माझी प्रीमियर पद्मिनी गाडी आज ठणठणीत आहे. कसारा घाट ती न कुरकुरता चढते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, 'त्या गाडीत दोष काहीच नव्हता, मालकालाच चालवता येत नाही' असं भिवंडीत माझ्या पाठीमागे बोललं गेलंय. बोलणारा कोण, हे मला ठाऊक आहे. नाव घेत नाही.

गाडीत ११८ एनईचं इंजिन आहे. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं. १९८५ साली प्रीमियरने ११८ एनई आणली, तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ होतं. ते गिअरबॉक्ससकट पद्मिनीत बसवण्याची खटपट हौशी मंडळी बरीच वर्षं करत आलीत, त्यात नवल नाही. त्यावर टर्बो बसवलाय तो स्विफ्ट डिझेलचा, कुर्ल्याच्या भंगार बाजारातला. गाडीही कुर्ल्याच्याच कारखान्यातली. टर्बोची हवा कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या बंद डब्यात शिरते, तिथून खाली. बूस्ट सहा पाउंड. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळेल.

तक्रार एकच. ॲक्सिलेटर दाबला की गाडी झकास उचलायची, आणि पाय तसाच दाबून ठेवला की थोड्या वेळात तिचा जीव जायचा. आधी झटके, मग टकटक, मग फटाके. पाय काढला की पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची. भिवंडीत हा दोष दिसतच नाही. अंजूरफाटा ते कल्याण नाका या रस्त्यावर सलग दहा सेकंद बूस्ट धरून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. दोष उठायचा तो शहापूरच्या पुढे चढावर आणि कसाऱ्याला. माझा भिवंडीतला मेस्त्री मात्र गल्लीतून एक फेरी मारून यायचा, चावी माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "शेठ, इथे तर मस्त चालतेय. घाटात गिअर बरोबर टाकता ना?" माझं लायसन्स त्याच्या गॅरेजपेक्षा जुनं आहे.

माणूस अडाणी नव्हता, हे कबूल. मानकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांत येणाऱ्या ट्रकांचे टर्बो खोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण घोडं तिथेच पेंड खात होतं. डिझेलमध्ये इंधन शेकडो बारच्या दाबाने थेट इंजिनात मारलं जातं, त्याला बूस्टच्या पाच-सहा पाउंडांची फिकीर नसते. कार्ब्युरेटरला पेट्रोल येतं तीन-साडेतीन पाउंडांनी. हा फरक मी बोलून दाखवला, तर म्हणाला, "टर्बो तो टर्बो, शेठ."

मग त्याने जेट वाढवायला घेतले. मेन जेट मोठा, मग आणखी मोठा. शेवटी बाजारात माप मिळेना, तर मूळ जेटच बारीक ड्रिलने कोरला, मला न विचारता. प्लग काळे पडले, ॲव्हरेज गेलं, ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला, आणि घाटातलं दुखणं जिथल्या तिथे. त्यावर त्याचं उत्तर : "पेट्रोलच खराब आहे." यात थोडं तथ्य होतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला वजनाच्या हिशेबाने साडेचौदा-पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉल मिसळलेल्या ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर ई-२० टाकलं की मिश्रण पातळ होतंच. पण ते घाटातही पातळ होईल आणि धामणकर नाक्यावरही. चढावर, तेही काही सेकंदांनीच गाडी का मरते, याचं उत्तर पेट्रोलमध्ये नव्हतं.

शेवटी मीच कार्ब्युरेटरच्या तोंडाशी टी बसवून पेट्रोलच्या दाबाचं गेज जोडलं आणि ते काचेबाहेर, वायपरखाली अडकवलं. (पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका.) भाचा बाजूला बसून बूस्ट आणि पेट्रोल अशा दोन्ही गेजांचं मोबाइलवर शूटिंग करत होता. घाटात बूस्ट सहावर गेला. पेट्रोलचा काटा साडेतीनवर होता, तो हळूहळू वर सरकत सहावर येऊन थांबला. गाडी मेली.

व्हिडिओ मेस्त्रीला दाखवला. तो खूश! "बघा, पंप उलट जास्तच देतोय. मी सांगत होतो, पंप ओके आहे."

रात्री तोच व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. पंप मेकॅनिकल, त्याच्या डायफ्रामची स्प्रिंग चारच्या वर दाब देऊच शकत नाही. मग सहा आले कुठून? दोन्ही काटे एकाच आकड्यावर का थांबले? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो दाब पंपाचा नव्हताच. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीवर बसलेली बूस्टची हवा उघड्या नीडलमधून पेट्रोलच्या नळीला उलटी रेटत होती. वाटीत होतं तेवढं पेट्रोल संपेपर्यंत गाडी पळायची, नवीन थेंब आत येत नव्हता. गल्लीत वाटी रिकामी व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून गल्लीत पास. रिकाम्या वाटीसमोर जेट कितीही मोठा केला तरी काय उपयोग?

यात माझा शोध काही नाही. १९८० ची लोटस एस्प्रिट टर्बो, १९८२ ची एमजी मेट्रो टर्बो, दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये हवा दाबूनच चालायच्या. पेट्रोलचा दाब बूस्टच्या वर ठेवायचा, हे तेव्हाच ठरून गेलेलं आहे.

उपाय : इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परतीची नळी, आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर, जो बूस्ट एक पाउंड वाढला की पेट्रोलही एक पाउंड वाढवतो. बूस्ट सहा तर पेट्रोल साडेनऊ. इंजेक्शनच्या गाडीचा रेग्युलेटर चालत नाही, तो तीन पाउंडांपर्यंत खाली उतरतच नाही. पंपाचा रिले ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल. अपघातात आगीचा धोका कमी होईल. हे झाल्यावर कोरलेला जेट फेकून जवळजवळ मूळ मापावर आलो, ई-२० साठी किंचित मोठा.

आता बाकीचं, सुचेल तसं.

जेटला हात लावण्याआधी गळती शोधा. टर्बोच्या तोंडाला बूच मारून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पाच-सात पाउंड हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. थ्रॉटलच्या दांड्याची बुशं झिजली असतील तर बूस्टमध्ये तिथून पेट्रोल मिसळलेली हवा गरम मॅनिफोल्डवर फवारली जाते. हे आगीचं काम आहे.

प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी जातो. टायमिंग दर पाउंडाला साधारण एक अंश मागे घ्या. टकटक ऐकू आली की पाय काढा. पिस्टनला भोक पडायला घाट संपावा लागत नाही.

निळा धूर दिसला की लगेच 'रिंगा गेल्या' ऐकून इंजिन खोलू देऊ नका. टर्बोची ऑइल परतीची नळी जाड आणि सरळ उताराची आहे का, ते आधी बघा.

भिवंडीकरांसाठी खास : लूमजवळ गाडी लावत असाल तर एअर फिल्टर वरचेवर काढून बघा. रुईचा थर बसला की टर्बो ओढ घेतो आणि सीलमधून ऑइल खेचतो.

बिल घ्या, जुने पार्ट परत मागा, घाई करू नका. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या, टर्बोबद्दलही आरटीओत आधी विचारा. 'कोण बघतंय, शेठ' म्हणणारा मेस्त्री दंड भरायला येत नाही.

तो अजून सांगत फिरतो की गाडी त्याच्याच जेटने सुधारली. सांगू दे. तुम्ही मेस्त्री निवडताना एकच प्रश्न विचारा : "कार्ब्युरेटरवर सहा पाउंड बूस्ट आला तर पेट्रोल कितीवर ठेवाल?" उत्तर नऊ-साडेनऊ आलं तर गाडी ठेवा. 'टर्बो काय, आम्ही रोज खोलतो' असं आलं, तर चावी खिशात घालून सरळ घरी या.