परक्या घरची सून, परक्या घरचा जावई



निमगाव सावा आणि आसपासच्या वस्त्यांवरची आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला, चाकणला, मुंबईला जातात. तिथे दुसऱ्या जातीच्या, भाषेच्या, धर्माच्या माणसांशी त्यांची ओळख होते आणि कधी जोडीदारही त्यांच्यातूनच निवडला जातो. मग घरात रडारड होते, येणे-जाणे तुटते. अशा वेळी श्रद्धावंतांनी कसे वागावे, याचा आज विचार करू.

पवित्र शास्त्र काय सांगते?

गणना पुस्तकाचा 12 वा अध्याय घरी अवश्य वाचा. मोशेची पत्नी कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील देशातली होती. तिच्यावरून मिर्याम आणि अहरोन यांनी मोशेविरुद्ध कुरकुर सुरू केली. देवाने जाब विचारला तो कुरकुर करणाऱ्यांना. मिर्यामेला कोड फुटले. तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना केली ती मोशेनेच. सात दिवस ती छावणीबाहेर राहिली आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. रूथ तर मवाबी, परक्या देशातली सून. तरी मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण

दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन आपल्याला ऐकून माहीत आहे. ते स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई जन्माने मराठी ब्राह्मण. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. प्रांत वेगळा, जात वेगळी, मातृभाषा वेगळी. समाजाने त्यांना दूर लोटले. 1881 मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. संसार दोन वर्षांचाही झाला नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी निराधार स्त्रियांना आसरा दिला, बायबलचे मराठी भाषांतर केले. ज्या लग्नाला लोकांनी नावे ठेवली, त्यातल्याच मुलीने आईच्या कामाला हातभार लावला.

ख्रिस्तसभेचा नियम

तत्त्वज्ञानात वस्तूचे सत्त्व आणि तिचे बाह्य गुण यांत भेद करतात. जात, भाषा, कातडीचा रंग हे माणसाचे सत्त्व नव्हे. म्हणून ख्रिस्तसभेच्या कायद्यात यांपैकी एकही गोष्ट विवाहाला अडथळा नाही. कॅथलिक मुलाला कॅथलिक मुलगी सांगून आली, तरी आपण हळूच मूळची जात विचारतो. ही चौकशी शुभवर्तमानाशी जुळत नाही.

श्रद्धेची गोष्ट वेगळी, कारण ती सगळ्या आयुष्याला दिशा देते. इतर पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीशी विवाहासाठी महागुरुस्वामींची परवानगी लागते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाहासाठी त्यांच्याकडून सूट घ्यावी लागते. नाहीतर तो विवाह ख्रिस्तसभेत वैध ठरत नाही. कॅथलिक जोडीदार आपली श्रद्धा राखण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून शक्य ते सारे करण्याचे वचन देतो. दुसऱ्याला या वचनाची आधी कल्पना दिली जाते. त्याने धर्म बदललाच पाहिजे, अशी अट नाही. केवळ लग्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा आम्हांला नको आहे.

देशाचा कायदा

रमाबाईंच्या काळी 1872 च्या कायद्याने नोंदणी विवाह करताना आपण प्रचलित धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तशी अट नाही. मुलगा 21, मुलगी 18 वर्षे पूर्ण, 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. मात्र केवळ नोंदणी केल्याने कॅथलिक व्यक्तीचा ख्रिस्तसभेतील विवाह होत नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधीच धर्मगुरूंना भेटा.

आईवडिलांनो, प्रश्न जरूर विचारा. स्वभाव, व्यसन, कमाई, प्रार्थना, मुलांचे संगोपन यांविषयी मोकळेपणाने बोला. मुलांनो, लपवून ठेवू नका. आणि लग्न होऊन गेले असेल, तर त्या लेकीला नाताळला घरी बोलवा. विवाह ख्रिस्तसभेत वैध करून घेण्याचा मार्ग पुढेही खुला असतो. पण तुटलेल्या घरातून त्या मार्गावर कोण येणार? मिर्यामेसाठी सगळी छावणी सात दिवस थांबली. आपल्यालाही आपल्या माणसांसाठी थांबता आले पाहिजे.

कुटुंबात चर्चेसाठी :
1. स्थळ पाहताना आपण सर्वांत आधी काय विचारतो?
2. लग्नामुळे दुरावलेले आपले कोणी आहे का? या आठवड्यात त्यांना फोन कोण करील?