अंक देखणा, पण ऐकवेना

प्रश्न : आमचं त्रैमासिक इनडिझाइनमध्ये लागतं. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर पीडीएफ ऐकणारे अंध वर्गणीदार म्हणतात, चौकटीतला मजकूर लेखात मध्येच घुसतो, मथळे कळत नाहीत. अ‍ॅक्रोबॅटमध्ये टॅग लावावेत का?

उत्तर : नको. एक दुरुस्ती करून नवी पीडीएफ काढलीत, की ती मेहनत पाण्यात. काम मूळ फाइलीतच करा. मथळा नुसता मोठा, ठळक केला तर स्क्रीन रीडरला तो साधा परिच्छेदच. त्याची पॅराग्राफ स्टाइल उघडून एक्स्पोर्ट टॅगिंगमध्ये एच१ निवडा, उपमथळ्यांना एच२. आर्टिकल्स पॅनेलमध्ये लेख आधी, चौकट मागून असा क्रम लावा. त्याच पॅनेलच्या मेनूत हा क्रम टॅग्ड पीडीएफसाठी वापरण्याची खूण असते. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. चित्राच्या पर्यायी मजकुरात ‘छायाचित्र’ एवढंच नको, ‘विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या दोघी’ असं लिहा. निर्यात करताना ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर टिचकी हवीच.

मला खरी शंका फॉन्टची आहे. पीडीएफमधली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर फॉन्ट जुना, युनिकोड नसलेला. मग आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, टॅगांचं नंतर.