तुरुंगाच्या दाराबाहेर

माननीय यूसुफ (अ.) निर्दोष असूनही कित्येक वर्षे बंदिवासात राहिले. तो काळ त्यांनी वाया जाऊ दिला नाही. सोबतच्या दोन बंद्यांना स्वप्नांचा अर्थ सांगण्याआधी त्यांनी एकेश्वरत्वाचा संदेश दिला. पण त्यांतील जो सुटला, तो बाहेर पडताच त्यांचा निरोप विसरला. वाचकहो, बाहेरच्यांची ही विस्मृती आजही तशीच आहे.

बंदी म्हणजे केवळ शिक्षेचा धनी नव्हे, ही इस्लामची शिकवण आहे. दिव्य कुरआनच्या सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथ यांच्यासोबतच कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. बद्रच्या युद्धकैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती, पण लिहितावाचता येत होते, त्यांनी मदीनेतील मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि मुक्त व्हावे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ठरविले. कैद्याच्या अंगचा गुणच त्याच्या सुटकेचे साधन ठरला.

आपल्या महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे उंच भिंती नाहीत. बंदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. विश्वास टाकला, तर माणूस त्यास पात्र होण्याचा प्रयत्न करतो, हेच यामागील तत्त्व आहे.

परंतु कारागृहात सुतारकाम, शिवणकाम वा पदवीचे शिक्षण घेऊन आलेल्यास बाहेर कोणी काम दिले नाही, खोली दिली नाही, तर ते शिक्षण काय कामाचे? मद्यपानाबद्दल शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यास अडविले आणि आपल्या बांधवाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे बजावले. शिक्षा भोगून झाली. त्यावर तिरस्काराची दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

अर्थात, तौबा म्हणजे केवळ शाब्दिक पश्चात्ताप नव्हे. ज्याचे नुकसान केले, त्याचा हक्क परत करणे हाही तिचा भाग आहे. पण ही भरपाई करण्यासाठी माणसाच्या हाताला काम हवे.

म्हणून आपल्या मोहल्ल्यातील बंद्याचे घर शोधा. त्याच्या मुलांची शाळा सुटू देऊ नका. ते कुटुंब निर्धन असेल तर जकातीस पात्र आहे. आणि तो परतेल त्या दिवशी मशिदीच्या सफेत त्याच्यासाठी खांद्याला खांदा लावून जागा करा.