महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य व वैद्याचे कर्तव्य



आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या तरुण रुग्णांची नोंदवही एकदा शांतपणे चाळून पाहावी. अम्लपित्त, निद्रानाश, शिरःशूल, केस गळणे, वजन घटणे, स्मरणशक्ती कमी होणे, धातुदौर्बल्य, अनियमित रजःप्रवृत्ती अशा तक्रारी पानोपानी आढळतील. 'माझे मन ठीक नाही' असे सांगत आलेला विद्यार्थी मात्र क्वचितच सापडेल. मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास जो विद्यार्थी धजत नाही तो वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात सहज येतो. म्हणून या विषयाचा अभ्यास आपणा सर्वांस आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. मराठवाड्यातील लहान गावचा, मराठी माध्यमातून शिकलेला, वसतिगृहात राहणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत जळजळ, भूक मंद, रात्री झोप नाही, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, अशा त्याच्या तक्रारी. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून मी अविपत्तिकर चूर्ण व सारस्वतारिष्ट दिले आणि मेसचे तिखट व रात्रीचा चहा टाळण्यास सांगितले. दुसऱ्या भेटीत जळजळ कमी होती, झोप तशीच होती. मी औषध पुढे चालू ठेवले. तिसऱ्या भेटीस तो आला नाही. पंधरवड्याने त्याच्या खोलीतील मित्राकडून समजले की त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. सुदैवाने तो वाचला.

दोन महिन्यांनी तो आईसह भेटावयास आला. तेव्हा समजले की पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले होते, वर्गातील इंग्रजी कळत नव्हते, घरी शेतीवर कर्ज होते आणि हे सांगण्याजोगे कोणी नव्हते. निघताना तो म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्या दोन भेटींत मी त्याच्या मलप्रवृत्तीविषयी तीन प्रश्न विचारले होते, मनाविषयी एकही नाही. या लेखाचे निमित्त तेच आहे.

विषयाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र पहिला होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांत उपचारापर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. म्हणजे दहा रुग्णांपैकी सात ते नऊ जण उपचाराविना राहतात. उपचार उपलब्ध नसणे हे याचे एक कारण; मदत मागण्याचा संकोच हे दुसरे. या दुसऱ्या कारणावर वैद्यास बरेच काही करता येते.

विद्यार्थी का बोलत नाहीत?

सर्व विद्यार्थी एका मापाने मोजता येत नाहीत. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलास 'आपण हरलो तर सारे घर हरले' असे वाटते. आश्रमशाळेतून शहरात आलेल्या आदिवासी विद्यार्थ्यास आपल्या बोलीत बोलणारे कोणी भेटत नाही. मुलीस भीती असते की ही गोष्ट बाहेर गेली तर शिक्षण थांबवून लग्न ठरवतील. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्याचे वय वाढत असते आणि गावाकडून 'निकाल कधी?' एवढाच प्रश्न येत असतो. ईशान्य भारतातून वा परदेशातून आलेल्यास रस्त्यावरील टोमणे, निराळा आहार आणि भाषा यांचा एकाच वेळी ताण पडतो. समलिंगी वा तृतीयपंथी विद्यार्थ्यास तर खोलीतील मित्रापासूनही स्वतःस लपवावे लागते.

जातीय भेदभावाची बाब वेगळी सांगावयास हवी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. वसतिगृहात व खेळाच्या मैदानावर राखीव प्रवर्गातील विद्यार्थी कसे एकटे पाडले जातात, हे त्यात नोंदविले आहे. ज्याच्या दुःखाचे कारण बाहेर आहे त्याला केवळ 'मन खंबीर कर' असे सांगणे ही चिकित्सा नव्हे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथेही लागू आहे.

शास्त्रीय विचार

विषाद हा चरकाचार्यांनी ८० नानात्मज वातविकारांत गणला आहे. अस्वप्न व अनवस्थितचित्तत्व हेही त्याच यादीत आहेत. अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. रात्रीजागरण, अवेळी व रूक्ष भोजन, चिंता व परगृहवास या सर्व गोष्टी वातवर्धक असून वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या दिनचर्येत त्या एकत्र नांदतात.

येथे एका गैरसमजाचा विचार करणे अवश्य आहे. लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग धारण करावेत असे शास्त्र सांगते. त्यावरून काही जण रडणाऱ्या तरुणास 'रडू नकोस' असा उपदेश करतात. परंतु त्याच अध्यायात तेरा अधारणीय वेगांमध्ये बाष्प म्हणजे अश्रू व निद्रा यांचा समावेश आहे. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात आणि त्याच्या चिकित्सेत निद्रा व प्रिय कथा सांगितल्या आहेत. शोकाच्या आहारी जाऊन अहितकर कृती करू नये हा एक उपदेश. आलेले अश्रू वाहू द्यावेत हा दुसरा. दोहोंत विरोध नाही. चिकित्सालयात एखादा मुलगा रडू लागला तर त्यास घाई न करता रडू द्यावे, पाण्याचा पेला पुढे ठेवावा आणि थांबावे.

दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षाही या दृष्टीने पाहावी. प्रवर, मध्य व अवर असे सत्त्वाचे तीन भेद आहेत. मध्यसत्त्व व्यक्ती इतरांकडे पाहून स्वतःस सावरते किंवा इतरांच्या आधाराने सावरली जाते, असे चरकाचार्य म्हणतात. आपणांपैकी बहुतेक जण याच गटातील. म्हणजे आधार घेणे हे दुबळेपणाचे लक्षण नसून मध्यसत्त्व मनुष्याचा तो स्वाभाविक धर्म आहे. विद्यार्थ्यास हे समजावून सांगितले की त्याचा संकोच बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे. मात्र आजारी अवस्थेत दिसलेल्या सत्त्वावरून कोणास 'अवरसत्त्व' ठरवू नये. रोग स्वतःच सत्त्व क्षीण करतो.

पहिल्या भेटीतील प्रश्न

सोबत आलेल्या मित्रास वा पालकास थोडा वेळ बाहेर बसवावे. पुढील प्रश्न साध्या शब्दांत विचारावेत :

१) झोप कधी लागते, जाग कधी येते, उठल्यावर ताजे वाटते का?
२) पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता आवडतात का?
३) गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वा रिकामे वाटते का?
४) वर्गात जाणे, जेवणे, अंघोळ करणे टळते का?
५) मद्य, तंबाखू, झोपेच्या गोळ्या वा अन्य व्यसन?
६) कोणाशी मोकळेपणाने बोलता येते?
७) जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असा विचार येतो का?

सातव्या प्रश्नास आपण कचरतो. विचारल्याने तो विचार मनात शिरेल अशी भीती वाटते. परंतु तसे होत नाही हे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट विचारणारा कोणी भेटल्याने भार हलका होतो. उत्तर 'हो' असल्यास काही योजिले आहे का, साधन जवळ आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे विचारावे. धोका स्पष्ट असेल तर त्यास एकटे सोडू नये, साधन त्याच्यापासून दूर करवावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे वा रुग्णालयात सोबतीने पाठवावे.

बुद्धी, स्मृती, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम दिसत असेल, कानी आवाज येत असतील, निराधार संशय असेल किंवा न झोपताही अमर्याद उत्साह असेल, तर तो उन्मादाचा विचार आहे. तेथेही पाठविण्यास विलंब नको.

'धातू जाते' म्हणून येणाऱ्या तरुणाविषयी दोन शब्द. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धातू सिंड्रोम' असे नाव देऊन या तक्रारीमागे चिंता व विषाद कसे असतात याकडे लक्ष वेधले. अशा मुलास शुक्रक्षयाची भीती घालून वाजीकरण योगांचे डबे देणे म्हणजे त्याच्या भयावर आपला व्यवसाय चालविणे होय.

चिकित्सा विचार व सावधानता

सौम्य अवस्थेत निद्रेची वेळ बांधणे, सायंकाळनंतर चहा-कॉफी वर्ज्य, वेळेवर स्निग्ध व उष्ण भोजन, पादाभ्यंग व शिरोभ्यंग, रात्री दूध, रोज चालणे आणि मित्रांसह भोजन यांनी चांगला उपशय मिळतो. खोलीतील मित्राने पायास तेल लावून दिले तर औषध व सोबत दोन्ही साधतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा यांचा उपयोग प्रकृती व अग्नी पाहून करावा. सत्त्वावजय म्हणजे मनास अहितकर विषयांपासून आवरणे. त्याचा आरंभ वैद्याच्या ऐकून घेण्यातून होतो. दोन ते तीन आठवड्यांत सुधारणा न दिसल्यास पुढे पाठवावे.

पुढील बाबी औषधविक्रेत्यांनीही लक्षात ठेवाव्यात :

सर्पगंधा — निद्रेसाठी हिची वटी सर्रास मागितली जाते. डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला, १९५२ साली तिच्यातील रेसरपिन वेगळे काढले गेले आणि त्यानंतर काही रुग्णांत औदासीन्य उत्पन्न झाल्याच्या नोंदी आल्या. विषादाच्या रुग्णास निद्रेसाठी सर्पगंधा देऊ नये.

आसव-अरिष्टे — यांत स्वयंजनित मद्य असते. झोपेच्या वा चिंतेच्या आधुनिक गोळ्या घेणाऱ्यास, तसेच मद्याचे व्यसन असणाऱ्यास देताना विचार करावा.

अश्वगंधा — क्वचित यकृतविकार व थायरॉइडच्या स्रावात वाढ नोंदली गेली आहे. 'निरुपद्रवी' समजून महिनोन्महिने देऊ नये.

लिथियम घेणारे रुग्ण — वमन, विरेचन वा अतिसाराने शरीरातील जल व लवण घटले की रक्तातील लिथियम धोकादायक पातळीस जाऊ शकते. पंचकर्मापूर्वी चालू औषधांची चौकशी अनिवार्य मानावी.

चालू आधुनिक औषध — विषादावरील गोळ्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश उद्भवतो. पंचविशीच्या आतील तरुणांत आरंभीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते. 'त्या गोळ्या सोडा, आमचे औषध घ्या' हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये.

कायदा व साहाय्य

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकांचा समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो दर्जा मिळत नाही. आपली मर्यादा ओळखणे हाही वैद्यगुणच आहे. याच अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले असून शासनावर तिच्या उपचाराची जबाबदारी टाकली आहे. रुग्णाच्या माहितीची गुप्तता पाळणेही बंधनकारक आहे. अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याची गोष्ट त्याच्या संमतीविना प्राचार्यांस वा घरी कळवू नये. जीवितास धोका असेल तेव्हाच अपवाद करावा व तोही त्यास सांगून.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक वा तत्सम व्यावसायिक नेमणे आवश्यक आहे. आपल्या भागातील महाविद्यालयात ती व्यक्ती कोण हे विचारून ठेवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र व मराठीतूनही उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानाच्या गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावा. झोपेचे औषध वारंवार मागणाऱ्या तरुणास दुकानदाराने 'झोप किती दिवस नाही, बाळ?' एवढे विचारले तरी पुष्कळ होते.

उपसंहार

पाठविणे म्हणजे रुग्ण गमावणे नव्हे. त्या विद्यार्थ्यास मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले, त्यांची औषधे चालू राहिली, निद्रा व अग्नीची बाजू मी सांभाळली. त्याने एक वर्ष गमावले, पण शिक्षण पूर्ण केले. आजही गावाकडे जाताना तो भेटून जातो. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक तरुण रुग्णाच्या केसपेपरवर कोष्ठ व निद्रा यांच्या खाली 'मन' असा एक रकाना छापून घेतला आहे. वैद्यबंधूंनी आपल्याही केसपेपरवर तो छापून घ्यावा आणि रिकामा सोडू नये, एवढीच विनंती.